मॅटवर हिशोब पक्का, पेपरात जागा कोरी: कॉलेजच्या खेळाडू पोरापोरींच्या गणिताबद्दल

काळी_माती (धागा सुरू केला) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. आमच्याकडं शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची जागा बरीच वर्षं रिकामी आहे, त्यामुळं आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला पोरांना घेऊन मीच जातो. स्वतः कधी खेळलो नाही पण दहा वर्षं बेंचवर बसून नियम पाठ झालेत.

मागच्या महिन्यातली मॅच. शेवटची दोन मिनिटं, आम्ही ३ पॉइंटनं पुढं, टाइमआउट. मी काही बोलायच्या आधीच आमचा कॅप्टन पोरांना सांगतोय, "ते घाईत आहेत, दहा सेकंदात चढाई करून वापस जातात. आपण पूर्ण तीस खायचे. चाळीसची एक जोडी, एकशेवीसात तीन जोड्या. म्हणजे त्याईच्या तीन अन् आपल्या तीन. आपल्या पहिल्या दोन रिकाम्या चालतील, तिसरी रिकामी गेली का गडी बाद. म्हणजे त्याईनं तिन्हीत एकेक घेतला अन् आपला तिसरा गेला तर आपण एकानं हरतो. तिनातली एक पकड पाहिजेच, एक केली का एकानं जिंकतो." हे सगळं घाम पुसता पुसता. आणि तसंच झालं, एका पॉइंटनं जिंकलो.

हा मुलगा बीए दुसऱ्या वर्षाला, घरी चार एकर कोरडवाहू, पोलीस भरतीची तयारी करतोय. पुढच्याच आठवड्यात मी सराव पेपर घेतला. त्यात प्रश्न होता: अ एकटा एक काम १० दिवसांत करतो, ब एकटा १५ दिवसांत, दोघं एक दिवसाआड आळीपाळीनं काम करतात तर किती दिवस लागतील? त्यानं जागा कोरी सोडली. मी म्हटलं अरे काही तरी लिहायचं ना, तर म्हणतो "सर ते गणित आहे ना, ते मले येत नाही."

तीच जोडी आहे! दोन दिवसांची एक जोडी, जोडीत सहावा भाग काम, सहा जोड्या, बारा दिवस. मॅटवर जे केलं त्यापेक्षा सोपं. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो. याआधी किती पोरं अशीच कोरी जागा सोडून माझ्या समोरून निघून गेली असतील.

मला विचारायचंय ते हे. मैदानावरचा हा हिशोब गणित म्हणावा का, आणि म्हणायचा तर तो कागदापर्यंत आणायचा कसा? कोणी खेळले असाल, शिकवत असाल तर लिहा.

डावा_कोपरा | रविवार, रात्री १०:२५

सर तुमचं वाचून अंगावर काटा आला माह्या. मी बी विद्यापीठाचा कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या टीममधून खेळलेला, कबड्डी, डावा कोपरा. आता पोलीस खात्यात आहो. पण पहिल्या दोन भरत्यांत मी लेखीत गेलो. ग्राउंड ५० चं असते, १६०० मीटर अन् १०० मीटर अन् गोळाफेक, ते मले कधीच जड गेलं नाई. लेखी १०० चं, त्यात अंकगणित अन् बुद्धिमत्ता आली का मी ते पान पलटवून पुढं जात होतो. तुमच्या पोरासारखंच, करून चुकलो असं नाई, हातच लावला नाई.

काऊन हात लावला नाई ते सांगतो. आठवीत एका मास्तरनं वर्गात म्हटलं होतं का हे ग्राउंडवरचे पोट्टे, याईच्या डोक्यात हवा भरली असते फक्त. ते डोक्यात बसलं ते बसलंच.

अन् हिशोब म्हणता तर कोपऱ्यावर उभा राहून माणूस दुसरं करतेच काय. समोरचा चढाईवाला आला का पहिले मोजायचं आपण किती. सहा किंवा सात असलो तर त्याले बोनस चालू, म्हणजे बोनसच्या रेघेपलीकडं पाय टाकला का एक पॉइंट, पाच झालो का बोनस बंद. मंग तो बोनसले पाय टाकणार का टचले येणार हे त्यावरून ठरते. तीन किंवा कमी उरलो का पकड केली तर दोन पॉइंट. अन् बोनसचा एक अन् टचचा एक हे दोन्ही एकच नाई बरं, बोर्डावर एकच दिसते पण बोनसनं बाहेरचा गडी आत येत नाई, टचनं येते. आमच्या टीममधल्या प्रत्येक पोट्ट्याले हे झोपेत बी माहीत होतं. पण याले गणित म्हणतात हे आमाले कोणी सांगतलंच नाई.

तिसऱ्या वेळेस मी पास झालो ते माह्या रूम पार्टनरमुळं. तो बीएससीचा होता. तो मले शेकडेवारी शिकवताना म्हणे, तू सिझनमध्ये किती पकडी टाकल्या अन् किती लागल्या ते सांग. मी म्हटलं ४० टाकल्या असन, २६ लागल्या. तो म्हणे शंभर टाकल्या असत्या तर? मी म्हटलं पासष्ट. म्हणे हेच टक्के. तितकंच लागलं मले सर, तितकंच.

खांबापाशी | सोमवार, सकाळी ७:१०

मी वाशीम जिल्ह्यातली, खो-खो खेळते, सध्या एमए करतेय. दादांचं वाचून लिहावंसं वाटलं.

खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात आणि एकीआड एक तोंड उलट बाजूला. खो पाठीमागूनच द्यावा लागतो. त्यामुळं जी माझ्यामागं लागलीय ती माझ्या बाजूला असेल तर तिला फक्त त्या चौघींनाच खो देता येतो ज्यांची पाठ आमच्याकडं आहे, आणि त्या उठल्या की पलीकडच्या बाजूला जातात. म्हणजे मी दोघींच्या मधून पलीकडं निघाले की मला धोका आठ जणींचा नसतो, चौघींचा असतो, आणि त्या चौघी कोणत्या ते मला आधीच माहीत असतं. नवीन मुली आठही जणींकडं बघत पळतात आणि लगेच बाद होतात. माझ्या सरांनी मला पहिल्या वर्षी पळायच्या आधी पाटीवर खडूनं आठ चौकोन काढून चार रंगवायला लावले होते. आता विचार करते तर तो सम-विषमचाच धडा होता.

पण माझी गोष्ट वेगळी आहे. आमचा डाव नऊ मिनिटांचा. पहिल्या तिघींनी ४ मिनिटं ३५ सेकंद काढले तर पुढच्यांनी किती काढायचे? ४ मिनिटं २५ सेकंद. हे मी सहावीपासून करते, साठाचा हातचा घेऊन. आणि सातवीत ९ वजा ४.३५ असं गणित आलं तर मी ४.२५ लिहिलं. उत्तर ४.६५. बाईंनी लाल फुली मारली आणि पुढं गेल्या. मला कितीतरी दिवस कळलंच नाही की माझं चुकलं काय, कारण माझ्या डोक्यात ते बरोबरच होतं! एकदा कोणी विचारलं असतं की हे कुठून आणलंस, तर मी सांगितलं असतं. तेव्हापासून मला वाटायला लागलं की गणितात आपण बरोबर केलं तरी चूकच येतं.

म्हणून सर, मैदानातला हिशोब नुसता उचलून वर्गात आणून चालत नाही असं मला वाटतं. तिथं साठ असतात, इथं शंभर. कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

पऱ्हाटी | सोमवार, दुपारी २:०५

माझी मुलगी व्हॉलीबॉल खेळते, बीकॉमला आहे. कॉलेजात तिला सांगितलं होतं खेळायचं असेल तर बीए घे, आकड्यांचं झेपणार नाही. तिनं ऐकलं नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. वेचणीच्या दिवसात बायांचा किलोवर हिशोब तीच करते, वीस बायांचा, वहीत न लिहिता. रोटेशनमध्ये कोण कुठं जाईल हे सहा जागा डोक्यात फिरवून सांगते. तिला सांख्यिकी जड जातंय पण सुटलेलं नाही. वाचतोय, लिहीत राहा सर्वांनी.

वरदाकाठ | सोमवार, रात्री ८:५०

मी मूळचा वर्ध्याचा, पुण्यात सांख्यिकीत काम करतो. या विषयावर मोठं काम झालेलं आहे आणि त्यातलं काही थेट सरांच्या प्रश्नावरच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काही संशोधकांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच पोरांना गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले. एक नारळ ३५ ला, दहा कितीला? पोरगा म्हणतो तिनाचे १०५, अजून तीन २१०, अजून तीन ३१५, एक राहिला, ३५०. बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग तसेच आकडे कागदावर नुसत्या आकडेमोडीसारखे दिले तर ३७ टक्के. तीच पोरं, तेच डोकं. आपल्याकडं २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटानं कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर हेच पाहिलं आणि तेच आढळलं. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. शाळेत जाणारी, कागदावर चांगली असणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे. वर्गातला हुशार मुलगा कॅप्टनच्या जागी उभा केला तर तो टाइमआउटमध्ये तसं बोलू शकेल याची काहीच खात्री नाही.

खेळाडूंवर तर यावरून वादच झालाय. पेनल्टी मारणारे फुटबॉलपटू डावी-उजवी बाजू अशा प्रमाणात मिसळतात की गोलकीपरला अंदाज बांधता येऊ नये, आणि ते प्रमाण गणितानं काढलेल्या उत्तराच्या बरंच जवळ जातं, हे स्पेनच्या पालासिओस-उएर्ता यांनी २००३ मध्ये हजारावर पेनल्टी तपासून दाखवलं. मग २००८ मध्ये त्यांनी आणि वोलीय यांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंना खोलीत बसवून पत्त्यांवर तसाच खेळ खेळायला लावला, शेजारी कॉलेजचे विद्यार्थी. फुटबॉलपटूंनी तिथंही प्रमाण बरोबर ठेवलं, विद्यार्थ्यांना जमलं नाही. लोकांना वाटलं झालं, मैदानातली बुद्धी खोलीत येते. पण २०१० मध्ये लेविट, लिस्ट आणि रायली यांनी अमेरिकेतल्या फुटबॉलपटूंसह पोकर आणि ब्रिजच्या खेळाडूंवर प्रयोग केला तर त्यांच्याकडं तसं काही दिसलं नाही, जे मैदानात होतं ते मैदानातच राहिलं.

माझं मत विचाराल तर ते आपोआप येत नाही. खांबापाशी ताईंनी साठ आणि शंभरचं जे सांगितलं ते मला या सगळ्या पेपरांपेक्षा जास्त नेमकं वाटलं.

ताडोबाकडचा | मंगळवार, सकाळी ६:३०

मी चंद्रपूर जिल्ह्यात बत्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालो. मुलांबद्दलची सगळ्यांची कळकळ पोचली, पण मला थोडा विरोध करायचा आहे.

क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल घेणारा क्षेत्ररक्षक काही पॅराबोलाचं समीकरण सोडवत नाही. चेंडूकडं बघण्याचा डोळ्याचा कोन एका ठरावीक रीतीनं वाढत राहील असा तो पळत राहतो आणि बरोबर जागेवर पोचतो, यावर संशोधन झालेलं आहे. तो हुशार आहे, त्याचं शरीर हुशार आहे, पण त्याला त्यातलं गणित येतं असं मी म्हणणार नाही. गणित तिथं सुरू होतं जिथं माणूस "का" ते सांगू शकतो आणि आकडे बदलले तरी मार्ग सापडतो. तुमच्या कॅप्टननं चाळीसची जोडी काढली ती सवयीनं काढली असेल. दहा आणि तीस हे त्याचे रोजचे आकडे. पोरांचं कौतुक करायच्या नादात आपण त्यांना खोटी खात्री देऊ नये, कारण भरतीचा पेपर कौतुक करत नाही.

काळी_माती | मंगळवार, रात्री ९:१५

ताडोबाकडचे सर, तुमचा मुद्दा मनाला लागला म्हणून आज संध्याकाळी प्रॅक्टिसनंतर करून पाहिलं.

कॅप्टनला म्हटलं, समज ते दहा नाही वीस सेकंद घेतात, आपण तीसच. दोन मिनिटांत त्यांच्या किती चढाया? तो बोटानं मॅटवर काही तरी काढत होता, मग म्हणाला "पन्नासची जोडी, दोन जोड्या, शंभर गेले, वीस उरले." आणि थांबला. मला वाटलं अडला. तर म्हणतो "सर, पहिली चढाई कोणाची हे तुम्ही सांगतलंच नाही. त्याईची असन तर वीसमध्ये त्याईची अजून एक पूर्ण होते, तीन होतात. आपली असन तर ते वीस आपणच खाऊन टाकतो, त्याईच्या दोनच."

मी हे मुद्दाम लपवलं नव्हतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पहिल्या वेळी १२० ला ४० नं पूर्ण भाग जात होता म्हणून कोण आधी याला महत्त्व नव्हतं. बाकी उरली की महत्त्व येतं. हे त्यानं मला सांगितलं. माहिती अपुरी आहे हे ओळखणं, ती मागणं आणि दोन्ही शक्यता वेगळ्या करून दाखवणं. माझे बीएससीचे विद्यार्थीही हे सहज करत नाहीत.

ताडोबाकडचा | मंगळवार, रात्री ९:५०

हे गणितच आहे. माझा शब्द मागे घेतो. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

वरदाकाठ | मंगळवार, रात्री ११:३०

सर, आता याच्यावरच बांधा. डावा कोपरा भाऊंनी जे नियम लिहिलेत त्यातून संभाव्यतेचा अख्खा धडा निघतो. चढाई रिकामी आणली तर ० मिळतो. टच झाला तर आपल्याला १, पकडले गेलो तर समोरच्याला १. मग किती वेळा यशाची खात्री असेल तर जावं? निम्म्यापेक्षा जास्त, अर्ध्यावर हिशोब फिटतो. आता समोर तीनच गडी उरलेत, पकड झाली तर त्यांना २. आता निम्मं पुरत नाही, तिनात दोनदापेक्षा जास्त यश पाहिजे. आणि तिसऱ्या चढाईला रिकामं आणणं म्हणजेच बाद, तिथं ० हा पर्यायच राहिला नाही, म्हणून समोर तीनपेक्षा जास्त गडी असतील तर दहात एकदा जमत असेल तरी जायचंच.

यात लोण (समोरचे सगळे गडी बाद केल्याचे जादा दोन पॉइंट), बाहेर गेलेला मुख्य चढाईवाला, आत येणारा गडी हे काही धरलेलं नाही. ते पोरांनाच विचारा, ते तुम्हाला सांगतील हे सूत्र कुठं कमी पडतं. मला तर वाटतं खरं शिक्षण तिथंच होईल.

डावा_कोपरा | बुधवार, सकाळी ५:५५

बाप्पा! तिनात दोनदा. आमचे कोच म्हणायचे "तीन गडी असले का घाई करू नका" अन् आम्ही ऐकायचो. काऊन करू नका ते आज समजलं, बारा वर्षानं. सर, हे त्या पोट्ट्याईले नक्की सांगा, पण पहिले त्याईलेच विचारा का तीन गडी असले तर तुमी काऊन थांबता.

गोदाम_रोड | बुधवार, दुपारी १:२०

हॅरल्ड बोर हे नाव घ्यायलाच पाहिजे. नील्स बोरचा भाऊ, मोठा गणिती, आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघातून रौप्य. सेमी फायनलला फ्रान्सला १७-१ नं हरवलं होतं. आणि आत्ताचा जॉन अर्शल, अमेरिकन फुटबॉलमध्ये बाल्टिमोरकडून खेळता खेळता एमआयटीत गणिताची पीएचडी करत होता.

खांबापाशी | बुधवार, दुपारी ३:४०

ही माणसं मोठीच आहेत. पण त्यांना दोन्ही दारं उघडी होती. आमच्या टीममध्ये बारा जणींपैकी नऊ जणी एसटीनं येतात, शेवटची गाडी सहाची. प्रॅक्टिस सुटली की स्टँडवर पळतात. त्यांना मोठी नावं सांगून काही होणार नाही. सर, जे काही करायचं ते प्रॅक्टिसच्या वेळेतच बसवा, वेगळा क्लास लावलात तर मुली येऊच शकणार नाहीत.

काळी_माती | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:३०

उशीर झाला, माफ करा. काय केलं ते लिहितो.

ताईंचं ऐकून वेगळा क्लास लावला नाही. वॉर्मअपनंतरची १५ मिनिटं घेतली, मॅटच्या कडेला एक जुना फळा टेकवला. खो-खोच्या मुलींनाही बोलावलं. पहिल्या आठवड्यात फक्त त्यांचेच हिशोब, त्यांच्याच तोंडून, मी नुसते फळ्यावर लिहीत गेलो. ते बोलले तेच चिन्हात लिहिलं की पोरं गप्प होऊन बघतात. एक जण म्हणाला "हे मी म्हटलं?" दुसऱ्या आठवड्यात वरदाकाठ यांचं निम्मं आणि तिनात दोन. त्यावर इतका वाद झाला की प्रॅक्टिस अर्धा तास उशिरा सुरू झाली. लोण जवळ असेल तर काय, हा प्रश्न पोरांनीच काढला: समोर दोघंच उरलेत, दोघं टिपले तर दोन आणि लोणचे दोन, म्हणजे एका चढाईत चार. मग तिनात दोनचं गणित मोडतं. किती मोडतं ते अजून चालू आहे.

सगळ्यांना जमलं असं नाही. दोन पोरं फळा दिसला की पाणी प्यायला जातात. शेकडेवारी बऱ्यापैकी आली, गुणोत्तर अजून कच्चं आहे, आणि साठ-शंभरचा गोंधळ मला वाटलं त्यापेक्षा खोल निघाला, तीन मुलींनी नेमकी ताईंचीच चूक केली. यावेळी मी फुली मारली नाही, विचारलं कुठून आणलं.

काल आळीपाळीचंच गणित दिलं, आकडे बदलून. अ एकटा ९ दिवसांत, ब एकटा १२ दिवसांत. जोडीत सात छत्तिसांश, पाच जोड्यांत पस्तीस, छत्तिसातला एक भाग उरतो. कॅप्टननं घाईत "दहा दिवस आणि थोडं" लिहून वही बंद केली. खो-खोतली एक मुलगी, तीन आठवड्यांत एक शब्द बोलली नव्हती, तिनं हात वर केला आणि विचारलं, "सर, सुरुवात कोण करते?"

कॅप्टननं वही परत उघडली. अ नं सुरुवात केली तर सव्वादहा दिवस, ब नं केली तर दहा पूर्णांक एक तृतीयांश. दोन्ही उत्तरं दोघांनी मिळून काढली, मी खडू हातात धरून उभा होतो.

सोमवारपासून वेळ सकाळी सहाची केलीय, वेचणी सुरू झाल्यामुळं दुपारी निम्म्या मुली शेतात असतात. डावा कोपरा भाऊ, तुम्ही सुटीवर येणार असाल तर एक दिवस मॅटवर या, पोरांना तुमच्या त्या दोन भरत्यांबद्दल तुमच्या तोंडून ऐकायचंय.

डावा_कोपरा | शनिवार, रात्री ८:४४

येतो सर. दिवाळीनंतरची सुटी टाकली आहे. फळा तसाच ठेवजा.